तिकटीवरचा कोपरा

औंध
सोमवार, ६ मे

प्रिय शिपोराताई,

“तुझ्या हातचं आता आपल्यातलं कोणी खाणार नाही,” असं तू म्हणाली होतीस. ठाण्याच्या घरात, ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून. तू बोंबील साफ करत होतीस आणि ते वाक्य बोलतानाही तुझा हात थांबला नव्हता.

काल संध्याकाळी आपल्यातल्या पस्तीसएक मुलांनी माझ्या हातची खिचडी खाल्ली. काहींनी दोनदा घेतली. हे तुला टोचायला लिहीत नाही. बरं, थोडं टोचायला लिहिते आहे. पण पत्राचं कारण ते नाही.

त्या मुलांत तामार आहे. तुझी तामार, अविवाची मुलगी. तुला सांगितलं गेलंय की नात साताऱ्याकडे आपल्या यहुदी समाजाच्या शिबिराला गेली आहे. ते खरंच आहे. शिबिर कोणाच्या शेतावर आहे, हे अविवानं सांगितलं नाही. विचारशील तर विसरले म्हणेल. ती विसरलेली नाही.

पोरीला पाठवू का, असं अविवानं फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, पाठव, पण ती आली की मी ताईला कळवणार. लपवून ठेवलेली मुलगी माझ्या घरात नको. अविवानं ते मानलं, आणि बदल्यात स्वतःची अट घातली. मी कोण, हे तामारला सांगायचं नाही. घरी जाऊन ती एका दमात सगळं बोलून टाकेल, आणि मग घरात काय होईल ते तिला झेपणार नाही, असं अविवाचं म्हणणं. मी कबूल झाले. त्यामुळे तामारसाठी मी दीनाबाई आहे. ज्यांच्या शेतावर शिबिर आहे त्या दीनाबाई.

तिला परत न्यायचं असेल तर अविवाला सांग. मी बॅग भरून ठेवेन आणि एक शब्द बोलणार नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर चालत नाही, म्हणून हे पोस्टानं.

शिबिराचं हे तिसरं वर्ष. लोणावळ्याची जागा गेल्यावर पुण्याची मंडळी नवी जागा शोधत होती, तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. शालोमभाऊ पाहणीला आले. तेच प्रार्थना घेतात आणि तेच मुलांना धर्माचं शिकवतात. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, भांडी नवी हवीत म्हणाले, ती आणली. मग ते आमच्या ह्यांना, कृष्णातांना म्हणाले, तुमची काही अडचण नाही ना? कृष्णात म्हणाले, “जागा हाय, बोअरला पाणी हाय, दीना हाय. अडचण कसली?” लष्करातून आलेल्या माणसाला तीन वस्तू मोजून झाल्या की विषय संपतो.

इथे मुलांना आम्ही बागकाम शिकवतो. म्हणजे पत्रकात तसं लिहिलंय. खरं म्हणजे दुसऱ्याचा विचार करायला शिकवतो, आणि त्यासाठी माती बरी पडते. पप्पा जे नुसतं सांगायचे, ते इथे हातानं करता येतं.

तामारला मी इतर मुलांपेक्षा वेगळं वागवत नाही.

तुझी
दीना

•

औंध
मंगळवार, १४ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. एक ओळ आहे, पण ‘ळ’ अजून तसाच काढतेस, पोट सुटलेला. “तिला दही आणि मटण एका ताटात वाढू नका.” एवढंच, आणि खाली सही नाही.

तर उत्तर लिहिते. शिबिराच्या दिवसांत या घरात मटण शिजतच नाही. कृष्णात रविवारी गावात भावाकडे जाऊन जेवतात आणि येताना पाणंदीतल्या नळावर चूळ भरून, हात धुऊन मगच फाटकातून आत येतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. शालोमभाऊंनी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा त्यांना हसूही आलं आणि गहिवरूनही.

पण तू ‘वाढू नका’ लिहिलंस, ‘तिला पाठवा’ नाही. ते मी लगेच पाहिलं. त्या दिवशी मला भाकऱ्या थापताना दम लागला नाही.

आता तिच्याबद्दल. तुला ऐकायचं नसेल तर इथे थांब.

सकाळी उठल्यावर इथे नियम आहे की आपण काही तोंडात घालायच्या आधी कोंबड्यांना दाणे, म्हशीला वैरण आणि वाफ्यांना पाणी. पप्पा हेच सांगायचे ना, मुक्या जिवांचं आधी? पप्पांकडे एक पोपटही नव्हता, पण सांगायचे. पहिल्या दिवशी मुलं कुरकुरली. तामार कुरकुरली नाही, वाद घालत बसली. म्हैस आधी की कोंबडी आधी, आणि मेथीला भूक लागते की तहान. “असं नाही हं” म्हणून सुरुवात करते. डोळे मिटून ऐकलं तर ठाण्यातलं आपलं जुनं घर समोर येतं.

मग मुळ्याच्या वाफ्याची विरळणी निघाली. रोपं दाटीनं उगवली की मधली मधली उपटायची, म्हणजे उरलेल्यांना पोसायला जागा होते. मी करून दाखवलं. सगळी मुलं उपटायला लागली. ही हात मागे बांधून उभी. म्हणाली, “ह्यांनी काय केलंय?”

मी समजावलं की नाहीतर एकही मुळा धरणार नाही. ते तिला पटलं, पण उपटेना. शेवटी तिनं सगळ्यांनी उपटलेली रोपं गोळा केली आणि करवंट्यांत, फुटक्या कपांत, कृष्णातांच्या जुन्या बुटातसुद्धा लावली. मुळ्याचं रोप उपटून लावलं की सहसा जगत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, सहसा म्हणजे कधीकधी जगतं. बहुतेक मेली. चारदोन जगलीत, वाकडीतिकडी. एझ्रा नावाचा पनवेलचा एक मुलगा आहे, त्यानं त्या कठड्याला नाव दिलंय ‘तामारचं हॉस्पिटल’. चिडवायलाच दिलं होतं, पण आता पाय मुरगळलेली कोंबडीसुद्धा तोच तिथे आणून ठेवतो.

शिकवणारी मी होते, ताई. विरळणीत दयाबिया नसते, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते.

काल आम्ही कोपरा ठरवला. शेताचा कोपरा आपण कापायचा नाही, गरजेला पडलेल्यासाठी आणि परक्यासाठी सोडायचा, हा आपल्या वाडवडिलांचा नियम. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये तो नुसता ऐकायचा असतो. इथे शेताला खरोखर कोपरा आहे. किती सोडायचा यावर तासभर भांडण झालं. एझ्रा म्हणाला, नियमात कमीत कमी किती ते दिलंय, तेवढा सोडू. तामार म्हणाली, उरलंसुरलंच द्यायचं तर कोपरा कशाला म्हणायचं, उरलंसुरलंच म्हणा. मतदान झालं. ओढ्याकडचा कोपरा निवडला, जिथे गवार आणि भेंडी सगळ्यात चांगली आलीय, शिवाय मेथीचा एक वाफा. तिथे गावाची वाट, ओढ्याची वाट आणि यमाईच्या डोंगराकडे जाणारी वाट अशा तीन वाटा मिळतात. तिकटी म्हणतात इथे. येणाऱ्याजाणाऱ्याला सोपं पडेल, हा मुलांचा विचार.

तिच्या उजव्या कानामागे तीळ आहे. केस विंचरताना दिसतो. सगळ्याच मुलींचे विंचरते मी.

दीना

•

औंध
शुक्रवार, १७ मे

प्रिय ताई,

आज दुपार थोडी मोकळी आहे. संध्याकाळी शब्बाथ लागेल, मग उद्या अंधार पडेपर्यंत काम बंद, त्याआधी दोन दिवसांचा स्वयंपाक व्हायचाय, पण भात झाला आहे आणि वांगी शिजताहेत. तेवढ्यात हे लिहिते. मन ठिकाणावर नाही.

कोपऱ्याला कोणी हात लावला नाही.

मुलांनी सगळं मनापासून केलं होतं. हा भाग सोडलेला आहे हे लोकांना कळावं म्हणून तामारनं माझी जुनी लाल साडी मागून घेतली, तिच्या पट्ट्या फाडल्या आणि कोपऱ्याभोवतीच्या काठ्यांना बांधल्या. मग तिला वाटलं, नुसती भाजी बरी दिसत नाही. तिनं झाडाची लिंबं आणि मूठभर हिरव्या मिरच्या एका पत्रावळीवर मांडून ती पत्रावळ अगदी तिकटीवर, वाटेच्या कडेला ठेवली. वर झेंडूची दोन फुलं. शोभेसाठी.

तू ठाण्याची, तुला यात काही वावगं दिसणार नाही. मलाही दिसलं नाही. मी इथे वीस वर्षं राहते आणि मला दिसलं नाही, कारण मी पाहत होते ते मुलांचे चेहरे.

मंगळवारपासून मुलं आंब्याच्या झाडावर आणि टाकीच्या कठड्यावर बसून वाट पाहत होती की कोण येतं, काय नेतं. बायका खुरपायला जाताना तिकटीपर्यंत यायच्या, थबकायच्या, पदर सावरायच्या आणि खालच्या बांधावरून लांबचा फेरा घेऊन जायच्या. एक मोटारसायकलवाला तर वळून गेला. शाळेच्या मास्तरांनीही चप्पल उचलून वाट बदलली, आणि ते विज्ञान शिकवतात.

काल दगडाबाई आल्या. आमच्या खालच्या अंगाला राहतात, रोजानं खुरपायला जातात, एक शेळी आहे. त्या फाटकाच्या बाहेरूनच बोलल्या. “आवं दीनाबाई, त्या तिकटीवर कुनावर उतारा टाकलाय? मी शेळीलाबी तिकडं जाऊ देत न्हाई. पोरांच्या घरात असलं करू नगा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल फडकं, लिंबू, मिरची, फूल, तिकटी. कुणाची पीडा काढून टाकायची तर इथे असंच टाकतात, आणि जो ओलांडेल त्याला ती लागते. आमच्या मुलांनी मायेनं मांडलेलं ताट पाहून गाव गेले तीन दिवस घाबरून चाललं होतं.

मी हसले. खूप हसले. कृष्णात तर बांधावर बसून डोळे पुसत होते. मुलांना सांगितलं तेव्हा तीही हसली, एझ्रा लोळला. फक्त तामार हसली नाही.

ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. मी कणीक मळत होते. म्हणाली, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. खरं कारण वेगळं आहे. आपण वेगळे आहोत, शनिवारी काम करत नाही, डोक्यावर टोप्या घालतो, म्हणून. मग ती हळूच म्हणाली, “ते आपल्या हातचं खात नाहीत, ना?”

ताई, कणीक आयती हातात होती म्हणून बरं.

मी नाही म्हटलं. नाही गं, तसं नाही, दगडाबाई माझ्या हातचा चहा रोज पितात, म्हटलं. कुणाच्या हातचं न खाणं म्हणजे काय, ते ज्याच्या वाट्याला येतं त्याला कसं लागतं, त्यावर माणूस काय करतो, या विषयात माझा अभ्यास झालेला आहे. पण तिला द्यावा असा एकही धडा त्यातून निघाला नाही. तू असतीस तर काय सांगितलं असतंस? मी खरंच विचारते आहे.

ती हात न धुता तशीच निघून गेली, टाकीमागे. रात्रीचं जेवली नाही. मी तिच्याजवळ गेले नाही. जाण्याचा मला कितपत हक्क आहे ते मला माहीत नाही, आणि तिला तर मुळीच माहीत नाही.

अविवाचा फोन आला होता. तू तिच्याशी बोलत नाहीस म्हणाली. मग म्हणाली, पण रोज संध्याकाळी विचारतेस, पोरगी जेवली का. काल जेवली नाही. तुला खोटं कळवायचं नाही म्हणून लिहिलं. आज सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

वांगी लागली वाटतं.

दीना

•

औंध
रविवार, १९ मे

प्रिय ताई,

हे पत्र आधीच्या पत्राबरोबरच तुला मिळेल कदाचित. मिळालं तर हे आधी वाच.

शुक्रवारी मी तुला पत्र लिहून उठते तोवर तामार तिकटीवर पोचली होती. एकटी नाही, एझ्राला बरोबर घेऊन. त्याच्या डोक्यावर स्टीलचं पातेलं, हिच्या हातात तांब्या, मीठ आणि सुरी. खुरपणीच्या बायका परतायची वेळ. त्या नेहमीप्रमाणे अलीकडेच थांबल्या. ही त्यांच्यासमोर खाली बसली, पत्रावळीवरचं लिंबू उचललं, चिरलं, तांब्यात पिळलं. मी फाटकाशी उभी होते. जावं की नको ते कळेना. कृष्णातांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

“बघा हं,” ती त्या बायकांना म्हणाली. “हेच लिंबू. हे मी पिते.”

आणि प्यायली. साखर आणायची विसरली होती. तिचा चेहरा असा झाला की सांगता येत नाही, डोळ्यांतून पाणी, एक खांदा कानाला टेकलेला. पण तांब्या खाली ठेवला नाही.

मग दगडाबाई पुढे आल्या. “आगं बया, साखर तरी घाल की त्यात. उद्या दात आंबून पडलं तर उताऱ्याचं नाव घेशील.”

“उतारा नाहीये हा,” तामार म्हणाली. “ही भाजी आहे. तुमच्यासाठी ठेवलीय.”

“आमच्यासाठी? का बरं?”

आता याचं उत्तर चार वाक्यांत कसं द्यायचं? तामारनं दिलं. म्हणाली, आमच्यात शेताचा कोपरा आमचा नसतो, तो ज्याला लागेल त्याचा असतो. दगडाबाईंनी विचार केला. तुम्ही शनवार पाळणारी माणसं ना, म्हणाल्या. तामार हो म्हणाली. “मंजी मारुतीचीच की. आदी सांगायचं न्हाई व्हय?” असं म्हणून त्या खाली बसल्या आणि पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून तांब्यात टाकला. मग स्वतः प्यायल्या. मग तांब्या फिरला. एझ्रानं नंतर शालोमभाऊंना गंभीरपणे विचारलं की आपण मारुतीचे नाही, हे सांगायला हवं होतं का. शालोमभाऊ म्हणाले, सोमवारी सांगू.

लाल पट्ट्या सोडल्या. फुलं तामारनं दगडाबाईंच्या शेळीला दिली. पण भाजी त्या दिवशीही कोणी घेतली नाही. बायका हसून, तिच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या.

दिवे लावायच्या आधी आम्ही सगळे अंगणात बसलो होतो, तेव्हा तामार एकदम म्हणाली की तिला कळलंय. आम्ही सगळे टाकीवर बसून बघत असतो, म्हणून कोणी घेत नाही. “मीसुद्धा घेतलं नसतं,” म्हणाली. “सगळे बघत असताना भेंडी कोण तोडेल? लाज वाटते.”

शालोमभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हाच नियम आहे, ताई. कोपरा सोडणाऱ्यानं तिथे उभं राहायचं नाही, कोणाला हाक मारायची नाही, हातात आणून द्यायचं नाही. आम्ही हा भाग मुलांना शिकवलाच नव्हता. लहान आहेत, त्यांना काय कळणार, म्हणून ठेवून दिला होता.

शब्बाथला कोणी वाफ्यांकडे फिरकलं नाही. ते तसंही फिरकत नाहीत, पण या वेळी टाकीवर चढायलाही तामारनं बंदी केली. मुलं आतल्या सोप्यात गाणी म्हणत बसली. दुपारी एझ्रानं खिडकीचा पडदा बोटभर सरकवला, तर हिनं त्याच्या हातावर चापटी मारली. चापटी मारणं दयेत बसतं का, यावर मग वाद झाला.

शनिवारी अंधार पडून तारे दिसल्यावर सगळे धावले. कृष्णात बॅटरी घेऊन पुढे. कोपरा मोकळा होता. गवार खुडलेली, भेंडी तोडलेली. कोवळी भेंडी मात्र झाडावर ठेवली होती, वाढायला. मेथीचा अर्धा वाफा व्यवस्थित मुळासकट उपटून नेलेला आणि उरलेला अर्धा वेडावाकडा, वरवर कुरतडलेला. तिथे लेंड्या पडल्या होत्या.

शेळी मोजायची की नाही, असा प्रश्न निघाला. गरजेला पडलेला आणि परका, यांपैकी शेळी कशात बसते? तामार म्हणाली, दोन्हीत.

मी त्या पोरांत उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा ते कळेना. तिचा तर होताच. त्यातला थोडा तुझाही होता. समोर कोण बसलंय याची पर्वा न करता उठून उभं राहायचं आणि वाटेल तेवढं आंबट पिऊन दाखवायचं, ही तुझी रीत आहे. आई गेल्यावर शाळेच्या बाई मला खालच्या वर्गात घालत होत्या, तेव्हा तू अशीच उभी राहिली होतीस. तूसुद्धा तेव्हा वीसएक वर्षांचीच होतीस. अविवा तिला तुझ्यावर गेली म्हणत नाही, कारण सध्या ती तुझ्यावर रागावलेली आहे. मी म्हणते.

कोपरा कोणी नेला ते आम्हाला माहीत नाही. विचारणारही नाही. पण आज सकाळी फाटकाच्या आत पाटीभर कांदे ठेवलेले होते. ठेवणारं कोणी दिसलं नाही.

दीना

•

औंध
शुक्रवार, २४ मे

प्रिय ताई,

मुलं परवा, रविवारी सकाळी निघतील. पोस्टानं हे पत्र वेळेत पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो काढून अविवाच्या फोनवर पाठवते आहे. तिला म्हटलंय, वाचून दाखवू नकोस, आईच्या पुढे ठेव आणि बाहेर जा.

काल मलिदा केला. मुलांचं शिबिर नीट पार पडलं म्हणून दर वर्षी करतो. फळं कृष्णात विट्याच्या बाजारातून घेऊन आले. मी मोठ्या परातीत पोहे भिजवून निथळले, खोबरं, साखर, वेलची घातली आणि कालवायला बसले. तामार शेजारी सुकामेवा निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि माझ्या हातांकडे पाहत राहिली.

म्हणाली, तुम्ही आमच्या आजीसारखं कालवता. खालून उचलून. दाबत नाही. आमची आई दाबते, मग आजी ओरडते.

मी म्हटलं, दाबलं की गोळा होतो.

“आजीपण हेच म्हणते. तुम्हाला कोणी शिकवलं?”

“माझ्या ताईनं.”

“कुठे असते तुमची ताई?”

“ठाण्याला.”

“आम्हीपण ठाण्याला. मी तिला पाहिलं असेल का?”

असशील, म्हटलं.

ताई, मी खोटं बोलले नाही. एकही शब्द खोटा नव्हता. पण तिनं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ही तिसरा प्रश्न विचारेल आणि त्याचं खरं उत्तर एकच आहे. तेवढ्यात एझ्रा आला, केळ्यांचा घड पडला, सगळी धावाधाव झाली. विषय गेला. तिच्या डोक्यातून गेला असेल असं मला वाटत नाही. मुळ्याचं रोप सहसा म्हणजे कधीकधी जगतं, हे जिच्या लक्षात येतं, तिच्या हे लक्षात आलं नसेल?

तुझी माफी मागण्यासाठी मी ही पत्रं लिहिलेली नाहीत. कृष्णातांशी लग्न केलं ते चांगलं केलं, आणि शुक्रवारचा दिवा लावायचं एकदाही चुकवलं नाही, तेही चांगलं केलं. या दोन गोष्टी एका घरात राहू शकत नाहीत असं तुला वाटत होतं. राहतात. कधीकधी भांडतातही, पण कुठल्या घरात भांडत नाहीत? हे तुला पटवून द्यायची मला आता घाई नाही. या तीन आठवड्यांत तू पोरीला परत बोलावलं नाहीस, हे मी जपून ठेवलं आहे. अविवा म्हणाली की पहिलं पत्र आलं त्या दिवशी तू बॅग काढून पलंगावर ठेवली होतीस, ठाण्याहून स्वतः निघणार होतीस. मग ती बॅग तशीच रिकामी आठवडाभर पलंगावर होती, आणि तू तिच्या शेजारी झोपत होतीस. का निघाली नाहीस ते मी विचारत नाही. कोपऱ्याशी उभं राहायचं नसतं, हे मलाही नुकतंच कळलंय.

तामार इथून काय घेऊन जाणार आहे, ते सांगते. एका फुटक्या कपात एक वाकडा मुळा. तो बसमध्ये मांडीवर धरणार आहे. दगडाबाईंनी दिलेला गूळ. नखांतली माती, जी मी खूप घासली पण निघाली नाही. आणि रोज सकाळी, स्वतः खायच्या आधी, ती तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना आणि खिडकीत येणाऱ्या कबुतरांना विचारेल, त्याबद्दल आधीच सांगून ठेवते. कबुतरांवरून तू चिडशील. चिड, पण दाणे ठेवू दे.

मला फक्त नाव नाही. तिच्या आठवणीत मी शेतावरच्या दीनाबाई होऊन राहीन. भाकरी चांगली करायच्या, केस विंचरताना ओढायच्या नाहीत. पुढच्या वर्षी ती आली तर अकरा वर्षांची असेल, त्याच्या पुढच्या वर्षी बारा. मग मुली शिबिराला येत नाहीत. मग कधीतरी लग्नात, नाहीतर कुणाच्या दफनाच्या वेळी तिला कळेल की त्या बाई आपल्या आजीच्या सख्ख्या बहीण होत्या, आणि तिला वाटेल की आपल्यापासून काहीतरी लाजिरवाणं लपवलं होतं. मी लाजिरवाणी नाही, ताई. तूही नाहीस. पण लपवलेली गोष्ट पोरांना लाजिरवाणीच वाटते. लाल फडकं बांधून तिकटीवर ठेवल्यासारखी. मग सगळे तिला वळसा घालून जातात.

अविवाला दिलेला शब्द मी मोडणार नाही. तिनंच सांगितलं की ती अट तुझ्याचसाठी आहे, तू हो म्हणालीस तर तिची हरकत नाही. म्हणजे हो म्हणणारी तू एकटीच उरलीस.

आता दिवे लावायची वेळ होत आली. तामारनं आज वाती स्वतः वळल्यात, जरा जाड झाल्यात. उद्या अंधार पडेपर्यंत मी फोन पाहणार नाही, म्हणून तुला विचार करायला एक अख्खा दिवस आहे. रविवारी सकाळी बस निघायच्या आधी मुलांना चहा असतो. तेवढा वेळ मला पुरेल. मी फार काही बोलणार नाही. लग्नाचं नाही, ओट्यापाशी तू जे म्हणालीस त्याचं नाही. एवढंच सांगेन की तुझी आजी माझी ताई आहे आणि मलिदा मला तिनं शिकवला.

तू नाही म्हणशील. अविवाही तेच म्हणाली, कृष्णातही म्हणाले, आणि मी तर तुला त्या दोघांपेक्षा जास्त ओळखते. तू फोन उपडा ठेवशील आणि ओट्याकडे वळशील. तरी न विचारता तिला त्या बसमध्ये बसवणं मला जमणार नाही.

मी तिला सांगू का, ताई?

तुझी
दीना